चांदीला लॅकर लावताना: काळेपणा काढण्यापासून लेप चढवण्यापर्यंत

"लॅकर लावलं होतं, तरी चांदी काळी पडलीच." ही तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकतोय. भांडं हातात घेऊन उजेडात फिरवलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. लेपात खोट नसते, लेपाखालची तयारी कच्ची राहिलेली असते.

मी स्वतः हे आईच्या ताम्हनावर शिकलो. दोन दिवस खपून ते उजळलं, मऊ फडक्याने पुसलं आणि लॅकर मारलं. चार महिन्यांनी काठाजवळ एक करडा डाग उमटला. नीट पाहिलं तर तो माझ्या उजव्या अंगठ्याचा ठसा होता, रेषा मोजता याव्यात इतका स्पष्ट. लेप लावायच्या क्षणी ताम्हन फिरवायला तिथे बोट टेकलं होतं. घामातलं मीठ आणि त्वचेवरचा चिकटपणा लेपाखाली कायमचा कोंडला गेला होता. वरून कितीही पुसलं तरी तो जाणार नव्हता. सगळा लेप उतरवून ताम्हन पहिल्यापासून उजळावं लागलं.

हा लेख त्या कामाचा क्रम सांगण्यासाठी आहे.

आधी एवढं समजून घ्या

नेहमीच्या तापमानाला हवेतल्या ऑक्सिजनमुळे एकट्याने चांदी काळी पडत नाही. तिला काळं करतो गंधक. हवेत अत्यल्प प्रमाणात हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकाचे वायू असतात. ओलावा आणि ऑक्सिजन यांच्या साथीने ते चांदीशी जुळतात आणि पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. थर पातळ असताना फिकट पिवळा दिसतो, मग तांबूस-तपकिरी, मग जांभळट-निळा, आणि शेवटी काळा. पिवळसर झाक दिसली तेव्हाच हात घातला तर काम पाच मिनिटांचं असतं. काळं होईपर्यंत थांबलात तर अख्खी दुपार जाते.

गंधक घरात येतो कुठून? उकडलेली अंडी, कांदा-लसूण, रबर, लोकर, गटाराचा वास, दिवाळीतला फटाक्यांचा धूर. खाडीकाठी राहणाऱ्यांना ओहोटीच्या वेळी चिखलाचा कुजकट वास येतो, तोही हायड्रोजन सल्फाइडच. त्यात कोकणपट्टीची दमट हवा. म्हणून एकाच दुकानातून घेतलेल्या दोन निरांजनांपैकी मुंबईतलं लवकर काळवंडतं आणि सोलापुरातलं उशिरा.

लेप गंधक नष्ट करत नाही, फक्त त्याची वाट अडवतो. पारदर्शक लॅकर म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचा पातळ पडदा. तो वायूला फार सावकाश आत येऊ देतो, पण पूर्ण बंद करत नाही. पडद्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं तर तेवढ्याच जागी काळा ठिपका येतो, आणि भोवतालची चांदी लखलखीत असल्याने तो डोळ्यांत भरतो. अर्धवट लेप बिनलेपाच्या भांड्यापेक्षा वाईट दिसतो तो यामुळेच.

मग लेप लावायचाच कशाला? कारण प्रत्येक घासणीत थोडी चांदी जाते. देवघरातले जुने टाक पाहा. तीन पिढ्यांनी दर सणाला राखेने घासल्यावर खंडोबाच्या हातातली तलवार आणि घोड्याचे पाय सपाट झालेले असतात. कमी वेळा घासावं लागणं हाच लेपाचा खरा फायदा.

## टप्पा १: भांड्यांचे तीन ढीग करा

सगळी चांदी एका चादरीवर मांडा आणि वाटून घ्या.

पहिला ढीग, ज्याला लॅकर चालतं: गुलाबदाणी, अत्तरदाणीची बाहेरची बाजू, गौरीचे मुखवटे, छत्र, प्रभावळ, फोटोच्या चौकटी, सन्मानचिन्हं. थोडक्यात, वर्षातून काही दिवस बाहेर निघणाऱ्या आणि ज्यांत अन्न, पाणी किंवा आग नाही अशा वस्तू.

दुसरा ढीग, ज्याला लॅकर कधीच नाही: ताट, वाटी, फुलपात्र, बाळाचा चमचा, पंचपात्री-पळी, रोज पंचामृताचा अभिषेक होणाऱ्या मूर्ती, आणि निरांजन. पोटात जाणाऱ्या कशालाही लॅकर लागता कामा नये. आईच्या ताम्हनाचा लेप मी दुसऱ्यांदा लावलाच नाही. ते रोजच्या पूजेत असतं, त्यातलं तीर्थ घरातले सगळे घेतात. पहिल्या वेळी हा विचार मी केला नव्हता.

तिसरा ढीग, ज्याबद्दल सोनाराला विचारायचं: खड्यांचे दागिने, सोन्याचा मुलामा असलेल्या वस्तू, आत लाख किंवा राळ भरलेल्या पोकळ मुठी, आणि 'ऑक्सिडाइज्ड' दागिने. या शेवटच्या नावाने बरीच गल्लत होते. त्या दागिन्यांवरचा काळा रंग बहुधा ऑक्साइड नसतो, मुद्दाम गंधकाच्या संयुगाने चढवलेला सल्फाइडच असतो. म्हणजे एरवी आपण ज्याला डाग म्हणतो तीच तिथे नक्षी आहे. असे दागिने टप्पा ३ मधल्या सोडा-ॲल्युमिनियमच्या पाण्यात टाकले तर पाच मिनिटांत नक्षी पुसली जाईल.

> इशारा: निरांजन, समई, धुपाटणं यांना लॅकर लावू नका. नायट्रोसेल्युलोजचं लॅकर (टप्पा ५ मधला एक प्रकार) झटकन पेट घेतं.

> तपासा: हळदीकुंकवात मिळालेलं भांडं 'जर्मन सिल्व्हर'चं तर नाही ना? त्यात चांदी मुळीच नसते, ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण असतं. पितळेवर चांदीचं पाणी दिलेली भांडीही वेगळी काढा. ती घासली की खालचं पिवळं पितळ उघडं पडतं. हॉलमार्क शोधा: ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. तांबं जितकं जास्त, तितकी काळं पडण्याची घाई जास्त.

## टप्पा २: जुना लेप आहे का ते पाहा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. भेट मिळालेल्या शोभेच्या चांदीवर कारखान्यातच लॅकर लावलेलं असू शकतं. ते कळलं नाही तर तुम्ही चांदी नाही, लॅकर घासत बसाल.

भांडं खिडकीजवळ तिरकं धरा. जुन्या लेपाखालचा काळेपणा सलग नसतो. बारीक फांद्या, ठिपके, खरवडल्यासारख्या रेषा अशा आकारांत तो पसरलेला दिसतो, आणि मधले भाग पांढरेशुभ्र राहिलेले असतात. कडेला पापुद्रा सुटलेला किंवा पिवळट झाक आलेली दिसेल. शंका असेल तर तळाच्या बाजूला ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा घासा. बोळा चिकट झाला, जागा ओशट-मऊ लागली, तर लेप आहे.

लेप काढायचा तो विरघळवून, खरवडून नाही. काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या डब्यात वस्तू ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवा, मग ताज्या ॲसिटोनच्या बोळ्याने पुसा. एकदा पुसून भागत नाही. विरघळलेलं लॅकर पातळ होऊन सगळीकडे पसरतं आणि अदृश्य थर उरतो. दोन-तीन वेळा नवा बोळा, नवं ॲसिटोन. खडे, लाख, मीना, लाकडी मूठ असलेली वस्तू ॲसिटोनमध्ये बुडवू नका.

> इशारा: ॲसिटोनची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ज्योतीनेही पेटते. स्वयंपाकघरात नको, देवघरात दिवा तेवत असताना तर मुळीच नको. गॅलरीत, खिडक्या उघड्या ठेवून काम करा. नखांचं पॉलिश काढायचं द्रावण वापरू नका. त्यात बहुधा तेल आणि सुगंध असतात, आणि आपण इथे तेल काढायलाच बसलो आहोत.

## टप्पा ३: काळेपणा उतरवा

सौम्य उपायापासून सुरुवात करा आणि पुरेसं झालं की थांबा.

रिठ्याचं पाणी. सोनार पिढ्यान्‌पिढ्या हे वापरत आले आहेत. चार-पाच रिठे रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, सकाळी कुस्करून फेस करा, मऊ ब्रशने भांडं धुवा. सल्फाइडचा जुना थर याने निघत नाही. पण धूळ, तेल, अष्टगंध, उदबत्तीचा चिकटा सगळं निघतं, आणि मग खरा काळेपणा किती आहे ते कळतं. पुष्कळदा एवढ्यानेच भागतं.

कॅल्शियम कार्बोनेटची पेस्ट. 'प्रेसिपिटेटेड' असं लिहिलेली बारीक पांढरी पूड घ्या, डिस्टिल्ड वॉटरमध्ये सायीइतकी दाट कालवा, सुती कापडाने हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवा. फळ्यावरचा खडू कुटून वापरू नका. तो अनेकदा जिप्समचा असतो आणि त्यात खरखरीत कण निघतात. राख, रांगोळी, टूथपेस्ट, भांड्याची घासणी यांनी केसासारखे ओरखडे पडतात. ओरखड्यांत चिकटा अडकतो आणि पुढच्या वेळी काळेपणा तिथूनच सुरू होतो. चिंच तांब्या-पितळेसाठी ठेवा.

सोडा आणि ॲल्युमिनियम. मुखवट्याच्या नक्षीत, जिथे बोट पोचत नाही तिथे ही पद्धत उपयोगी. पातेल्याच्या तळाशी ॲल्युमिनियमची फॉइल चमकती बाजू वर करून पसरा. त्यावर भांडं असं ठेवा की चांदी फॉइलला प्रत्यक्ष टेकेल. एक लिटर कडकडीत गरम पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा विरघळवून वरून ओता. कुजक्या अंड्याचा हलका वास येईल. चांदीला धरून बसलेला गंधक वायू होऊन निघाला, ही त्याची खूण. इथे ॲल्युमिनियम झिजतं आणि सल्फाइडमधली चांदी परत धातूच्या रूपात भांड्यावरच राहते. घासण्यात ती पुसून जाते, इथे वाचते.

अनेक जण यात मीठही घालतात. मी घालत नाही. मिठाशिवाय काम होतं, आणि खाचेत राहिलेलं मीठ चांदीला पुढे टोचत राहतं.

दोन-पाच मिनिटांनी भांडं बाहेर काढा. थर जाड असेल तर पृष्ठभाग पांढुरका, निस्तेज दिसेल. परत आलेली चांदी सच्छिद्र असते म्हणून असं होतं. ही अवस्था तशीच सोडली तर ती आधीपेक्षा वेगाने काळी पडेल. कॅल्शियम कार्बोनेटचा एक हलका हात फिरवून ती दाबून घ्या.

> इशारा: आत राळ किंवा लाख भरलेली वस्तू गरम पाण्यात घालू नका. सांध्यातून पाणी आत शिरलं की ते बाहेर येत नाही, आणि लाख मऊ होऊन फुगते.

> इशारा: काळी चांदी बुडवताच पांढरी करणारी तयार द्रावणं मिळतात. त्यांतल्या अनेकांत आम्ल आणि थायोयुरिया असतं. ती सल्फाइडबरोबर चांदीही खातात. थायोयुरियाच्या रेणूत स्वतःच गंधक आहे, म्हणजे नीट धुतलं नाही तर ज्याच्यापासून वाचायचं तेच भांड्यावर ठेवून दिल्यासारखं होतं. लॅकरच्या आधी ही द्रावणं टाळा.

## टप्पा ४: धुणं, वाळवणं आणि शेवटचा चिकटपणा काढणं

सगळ्या कामाची मदार इथे आहे. लेप लावायला जितका वेळ द्याल त्याच्या दुप्पट इथे द्या.

१. वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने धुवा. नक्षीत अडकलेली पांढरी पूड पूर्ण निघाली पाहिजे. ती राहिली तर लेपाखाली पांढरे डाग दिसतील.

२. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार वाळून ठिपके सोडतात. पेट्रोल पंपावर इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर चालतं. बाटली नीट वाचून घ्या. शेजारच्याच खणात बॅटरीचं ॲसिड ठेवलेलं असू शकतं, आणि ते गंधकाम्ल असतं.

३. धुऊन जुन्या झालेल्या सुती कापडाने टिपून घ्या. मग केस वाळवायच्या यंत्राने मंद उष्णतेवर सांधे, कडा, नक्षीच्या खाचा वाळवा. दिसायला कोरडं झालं म्हणजे आतून वाळलं असं नाही. पोकळ वस्तू एक रात्र कोरड्या जागी उघडी ठेवा.

४. आता हातमोजे. इथून पुढे उघडं बोट भांड्याला लागता कामा नये. लॅटेक्सचे मोजे नकोत. रबर टिकाऊ करायला गंधक वापरतात, आणि तो हातातून चांदीवर उतरतो. नायट्राइलचे निळे मोजे घ्या.

५. ॲसिटोनच्या बोळ्याने सगळा पृष्ठभाग पुसा. बोळा चिमट्यात धरा, कारण पातळ नायट्राइल ॲसिटोनमध्ये टिकत नाही. मोजा भिजला तर लगेच बदला. बोळा काळा किंवा पिवळा होतोय तोवर थांबू नका.

> तपासा: पाण्याची परीक्षा. भांड्यावर डिस्टिल्ड वॉटर ओता आणि तिरकं धरा. पाणी सलग चादरीसारखं पसरून ओघळलं तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. कुठे थेंब आक्रसून गोळा झाले, तर तिथे तेल आहे. ती जागा पुन्हा ॲसिटोनने पुसा आणि परीक्षा पुन्हा घ्या. उत्तीर्ण झालं की पूर्ण वाळवा.

माझ्या अंगठ्याचा ठसा या परीक्षेत पकडला गेला असता. म्हणून ती आता मी कधीच गाळत नाही.

स्वच्छ केलेली चांदी तशीच आठवडाभर ठेवू नका. त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात लेप लावा.

## टप्पा ५: लेप निवडा

नायट्रोसेल्युलोजचं लॅकर दिसायला सर्वांत चांगलं. पातळ बसतं, चांदीचा रंग बदलत नाही. संग्रहालयांत चांदीसाठी ते दीर्घकाळ वापरलं गेलं आहे. कपाटात बंद, हात न लागणाऱ्या वस्तूवर ते अनेक वर्षं टिकतं. हाताळलेल्या वस्तूवर तेवढं नाही. जुनं झालं की पिवळतं.

ॲक्रिलिक लॅकर पिवळण्याला जास्त दाद देत नाही. संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ नावाची राळ प्रसिद्ध आहे. पण ती नुसत्या ॲसिटोनमध्ये विरघळवली तर इतक्या झपाट्याने वाळते की ब्रशच्या रेषा उठतात. घरच्या कामाला धातूसाठीचं पारदर्शक ॲक्रिलिक फवाऱ्याच्या डब्यात मिळतं, ते सोपं. डब्यावर 'धातूसाठी' लिहिलेलं हवं. फर्निचरचं लाकडी लॅकर नको.

सूक्ष्मस्फटिकी मेण, म्हणजे मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स. लॅकरइतकं वायू अडवत नाही, पण लावायला आणि काढायला सोपं, आणि चुकलं तर नुकसान नाही. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांना मी मेणापासूनच सुरुवात करायला सांगतो. त्याऐवजी मेणबत्ती, खोबरेल किंवा फर्निचरचं पॉलिश लावू नका. तेल धूळ धरतं आणि खवटतं, आणि पॉलिशमधलं सिलिकॉन एकदा बसलं की पुढे कोणताच लेप नीट चिकटत नाही.

रोडियमचा मुलामा दागिन्यांसाठी. हे काम सराफाकडेच होतं. रोडियम हा धातूच असा आहे की नेहमीच्या हवेत गंधक त्याला काळं करत नाही. पण थर अतिशय पातळ असतो, आणि अंगठी, पैंजण, जोडवी जिथे घासली जातात तिथे तो आधी उडतो. मुलाम्याखाली निकेलचा थर देतात का ते विचारून घ्या. अनेकांच्या त्वचेला निकेल सोसत नाही.

एक प्रकार मला स्वतःला फार आवडतो, कारण त्यात गंधकच गंधकाला अडवतो. काही काळेपणारोधक द्रावणांत थायॉल नावाची लांब साखळीची संयुगं असतात. त्यांच्या एका टोकाला गंधक असतो. तो चांदीला घट्ट धरतो, आणि मेणासारखी लांब शेपटी बाहेर राहते. अशा शेपट्या दाटीने उभ्या राहिल्या की ओलावा आणि बाहेरचे गंधकाचे वायू चांदीपर्यंत सहज पोचत नाहीत. थर एका रेणूइतका पातळ, डोळ्यांना दिसतच नाही. मात्र घासण्याने तो लवकर जातो.

## टप्पा ६: अंड्याची चाचणी, भांड्याला हात लावण्याआधी

खऱ्या वस्तूवर प्रयोग करू नका. ही चाचणी वस्तू टप्पा ३ ला घेण्याआधीच उरकून ठेवा, म्हणजे उजळलेली वस्तू लेपाविना ताटकळत राहणार नाही. सोनाराकडून चांदीच्या पत्र्याचा बोटभर तुकडा घ्या. टप्पा ३ आणि ४ त्याच्यावर करा. मग अर्ध्या भागावर लेप लावा, अर्धा उघडा ठेवा, पूर्ण वाळू द्या.

काचेच्या रुंद बरणीत नुकतंच उकडलेलं, गरम अंडं मधोमध कापून ठेवा. शेजारी उपडी वाटी ठेवून तिच्यावर पत्रा ठेवा. अंड्याला तो टेकता कामा नये. झाकण लावा. काही तासांत उघडा भाग पिवळसर-तपकिरी होऊ लागेल. रात्रभर ठेवा. अंडं नंतर फेकून द्या.

सकाळी पत्रा उजेडात धरा. लेपाची बाजू पांढरी आणि मधली सीमारेषा सुरीने कापल्यासारखी दिसली, तर पद्धत बरोबर आहे. लेपात काळे ठिपके असतील तर धूळ पडली किंवा एकच हात दिला. फक्त कडा काळ्या झाल्या तर लेप कडांवरून ओढला गेला आहे. कडांवर लॅकर नेहमीच पातळ बसतं, तिथे वेगळं लक्ष हवं. सगळीकडे पिवळट झाक आली तर लेप फार पातळ आहे किंवा नीट वाळला नव्हता. घरातल्या हवेत इतका मारा कधीच नसतो, पण दोन वर्षांनी दिसणारी चूक इथे एका रात्रीत दिसते.

ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्यांनी बरणी बाहेर ठेवावी, किंवा ठेचलेल्या लसणावर आणि चिरलेल्या कांद्यावर हीच चाचणी घ्यावी. तिला वेळ जास्त लागतो.

## टप्पा ७: लेप चढवणं

दिवस निवडा. पावसाळ्यात लॅकर मारू नका. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतलं बाष्प उतरतं आणि लेप दुधाळ होतो. गौरी-गणपती भाद्रपदात येतात आणि सगळ्यांना मुखवट्यांची आठवण श्रावणात होते, तीच नेमकी वाईट वेळ. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी, उबदार दुपार सर्वांत चांगली. सणाआधी फक्त उजळा, लेपाचं काम थंडीवर टाका.

जागा तयार करा. पंखा बंद. फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या म्हणजे धूळ उडणार नाही. हवा खेळती हवी, पण झोत नको. तोंडावर द्रावकाच्या वाफेसाठीचा मास्क लावा, साध्या कापडी मास्कचा उपयोग नाही. वस्तू उन्हात थोडी कोमट करून घ्या, हाताला ऊब लागेल इतपतच.

फवारा असेल तर डबा २०-३० सेंटिमीटर दूर धरा. फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करा, वस्तूवरून सरळ न्या, पलीकडे गेल्यावर थांबवा. वस्तूवरच सुरू-बंद केलं की थेंब पडतात. पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. दोन हातांतलं अंतर डब्यावर लिहिलेलं पाळा. कडा आणि उठावाच्या नक्षीचे माथे यांच्यावर एक हलका जादा हात. खाचांत लॅकर साचू देऊ नका, तिथे ते पिवळं दिसतं.

ब्रश असेल तर मऊ, रुंद केसांचा घ्या. लॅकर त्याच कंपनीच्या थिनरने पातळ करा. एकदा फिरवलेल्या जागेवर परत जाऊ नका. अर्धवट वाळलेलं लॅकर ओढलं जातं आणि सुरकुतीच्या मागे चांदी उघडी पडते. चुकलं तर चुकू द्या, वाळू द्या, मग ॲसिटोनने काढून पुन्हा लावा.

मेण असेल तर अगदी थोडं, फडक्याच्या टोकावर, पातळ चोळा. थोडं सुकू द्या, दुसऱ्या स्वच्छ फडक्याने चमकवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा.

> तपासा: लेप पूर्ण वाळल्यावर वस्तू एका दिव्याखाली सावकाश फिरवा. दिव्याचं प्रतिबिंब सगळीकडे अखंड सरकलं पाहिजे. ते जिथे अचानक निस्तेज होतं किंवा तुटतं, तिथे लेप नाही.

## टप्पा ८: ठेवणं

लॅकरचा वास पूर्ण जाईपर्यंत, किमान आठवडाभर, वस्तू बंद डब्यात घालू नका.

काळ्या सुती कापडात चांदी गुंडाळू नका. सुतावरचा काळा रंग अनेकदा गंधकाच्या रंगद्रव्याने दिलेला असतो. लोकर, फेल्ट आणि रबर बँडही नकोत. रबर बँडची काळी रेघ चांदीच्या चमच्यांच्या जुडग्यावर मी स्वतः पाहिली आहे, कंगव्याने ओढावी तशी. वर्तमानपत्राचा कागद आणि पीव्हीसीच्या पिशव्याही टाळा. न रंगवलेलं, धुतलेलं सुती कापड आणि त्यावर पॉलिथिनची झिप पिशवी हे पुरेसं आहे. आत सिलिका जेलची पुडी आणि काळेपणारोधक पट्टी ठेवा. सिलिका जेल ओलावा घेतं, पट्टी गंधक घेते, दोघांची कामं वेगळी. कापराच्या वडीने गंधकाचा वायू अडत नाही, ती ठेवायची तर वासासाठी ठेवा.

कपाटातलं कापड किंवा मखमल सुरक्षित आहे का, हे संग्रहालयांतही तपासतात. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्रू ऑडी यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या चाचणीत चांदी, तांबं आणि शिसं यांचे तुकडे त्या वस्तूबरोबर दमट, बंद काचपात्रात ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवतात. घरी तिची सोपी आवृत्ती करता येते. कापडाचा तुकडा, उजळलेला चांदीचा पत्रा आणि ओला कापूस झाकणबंद बरणीत ठेवा, तिघे एकमेकांना न टेकवता. बरणी महिनाभर उबदार जागी राहू द्या. पत्रा पिवळा झाला तर ते कापड कपाटातून काढा.

## टप्पा ९: लेप लावलेल्या चांदीची निगा

कोरड्या मऊ फडक्याने धूळ टिपा. फार मळलं तर कोमट पाण्यात फडकं पिळून पुसा. रिठा चालतो, पण भिजत घालू नका. पॉलिश, पूड, स्पिरिट, अत्तर काहीही नको. सेंटमधल्या अल्कोहोलने लेप मऊ होतो. गुलाबदाणीत गुलाबपाणी भरतानाही ओघळ लगेच टिपा.

सोडा-ॲल्युमिनियमची पद्धत लेप असलेल्या भांड्यावर चालत नाही. तिला चांदी आणि फॉइल यांचा प्रत्यक्ष स्पर्श लागतो, आणि मधे लॅकर असतं. गरम सोड्याने उलट लेपच सुटतो, तोही तुकड्या-तुकड्यांनी.

वर्षातून एकदा, थंडीत, वस्तू बाहेर काढून तिरक्या उजेडात पाहा. एखादा ठिपका दिसला तर त्याच्यावर नवं लॅकर मारू नका. खालचा सल्फाइड तसाच कोंडून राहील. ठिपके वाढत असतील किंवा कडेला पापुद्रा सुटला असेल, तर टप्पा २ वर परत जा आणि सगळा लेप उतरवा.

किती वर्षांनी उतरवायचा याचा आकडा मी मुद्दाम देत नाही. खाडीकाठचं घर आणि देशावरचं घर यांच्यासाठी तो एक नाही. शेवटच्या कामाची तारीख आणि लॅकरचं नाव एका चिठ्ठीवर लिहून झिप पिशवीत घाला. पुढच्या वेळी ते भांडं कदाचित दुसऱ्याच कुणाच्या हातात असेल, आणि लेप कशाने विरघळवायचा हे त्याला अंदाजाने ठरवावं लागणार नाही.